एकोणीस गोळ्या जास्त

प्रिय छटाक,

तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात होता, रिळांच्या खाली, घडी घालून. मी शोधला नाही, तिनेच काढून दिला. सहा वर्षं तो डबा माझ्या डोळ्यांसमोर फळीवर होता आणि त्यात बटणंच असतील असं मी धरून चाललो होतो. दर गुरुवारी मी वाचनालयात गेलो की तुम्ही दोघी फोनवर बोलता, हे मात्र मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. वाचनालय पाचला बंद होतं, मी घरी येतो साडेसहाला. मधला दीड तास बसस्टॉपच्या बाकावर काढतो, तुमचं बोलणं अर्धवट तुटू नये म्हणून. तिथून जाणाऱ्या सगळ्या बसचे नंबर मला पाठ झाले आहेत. तू तिकडे बियाण्यांच्या दुकानात बिया तोलून पुड्या बांधतेस, हेही असंच अर्धं कानावर आलं. जन्मभर मी लोकांचे तराजू तपासले आणि माझी छटाक शेवटी तराजूवरच जाऊन बसली म्हणायची. एवढा एक विनोद करून घेतो, पुढे फारसे येणार नाहीत.

आई तुला फोनवर ‘ठीक आहे’ म्हणते. ती ठीक नाही. गेले पाच आठवडे तिच्या गोळ्या निम्म्यावर आल्या आहेत, दिवसाच्या चाराच्या दोन. सकाळची उतरली की दुपारपर्यंत ती ओट्याला धरून उभी असते. जेवते उभ्यानेच, कारण खुर्चीत बसलं की कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत वीज उतरते म्हणते. पायाला चादर लागलेली सोसत नाही, म्हणून मी पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं दोन्ही बाजूंनी कापून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं आहे. त्याच्यावरून चादर घालायची आणि आत पाय ठेवायचे. तिच्या शिवणाच्या मशिनवर आता कपडे वाळत पडतात. परवा तिला विचारलं, फार दुखतंय का, तर म्हणाली, ‘जुनी ओळख आहे हो, येऊन बसते, बसू दे तिला.’ हसायला आलं आणि मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मला रडू आलं होतं, छटाक. हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही, लाज वाटायची कारणं दुसरी आहेत.

नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होतीस तेव्हा तो नवा आला होता, तू जेवता जेवता आम्हाला समजावून सांगायचीस आणि मी म्हणायचो, सरकारी भाषा मला शिकवू नकोस, मी तीस वर्षं तीच खाल्ली आहे. तरी मला जसा कळला तसा लिहितो, चुकलं तर खूण कर. ज्यांचं दुखणं बरं होणारं नाही त्यांना अफूच्या जातीच्या या गोळ्या हव्या असतील, तर दवाखान्यातून कधीही फोन येऊ शकतो, की उद्या सकाळी बाटली घेऊन या. तिथे गोळ्या मोजतात. कमी भरल्या तर पेशंटने जास्त खाल्ल्या, औषध कायमचं बंद. जास्त भरल्या तर पेशंटला तेवढ्यांची गरज नाही, औषध निम्मं. पण कमी भरलेल्या दुसऱ्या कोणी चोरल्या असतील, तर त्या दुसऱ्याचं नाव राज्याच्या नोंदवहीत चढतं आणि पेशंटचं औषध चालू राहतं. फक्त त्यानंतर घरात कुलपाची पेटी लागते. तिची किल्ली पेशंटकडे द्यायची नाही, घरातल्याच दुसऱ्या माणसाकडे द्यायची, आणि त्या माणसाचं नाव वहीत नसलं पाहिजे. तो रोज गोळ्या काढून देतो आणि तक्त्यावर सही करतो. चोरीचं ते कलम मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. तू वाचलं होतंस.

नियम करणाऱ्यांना मी शिव्या घालणार नाही. आपल्या गल्लीतला प्लंबर तुला आठवत असेल, स्वयंपाकघरातला नळ बसवताना तुला पाना धरायला लावायचा तो. दोन महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा याच गोळ्यांनी गेला, सव्वीस वर्षांचा. आधी खांद्याच्या दुखण्यासाठी घेतल्या, मग दुखणं गेलं आणि गोळ्या राहिल्या. त्याला उचलून खाली आणणाऱ्या चौघांत मी होतो. जिन्याच्या वळणावर प्लंबर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘साहेब, कोणी मोजायला हवं होतं हो.’ हे त्याचं वाक्य मी घरी घेऊन आलो आणि तिथून पुढचं सगळं झालं. सुक्याबरोबर ओलंही जळतं हे मला मान्य आहे. पण ओल्याच्या ढिगावर काडी मी टाकली.

झालं ते असं. त्या दिवसानंतर संध्याकाळची चौथी गोळी काढताना माझा हात अडखळायला लागला. आईकडे बघायचो, ती पलंगावर टेकून असायची, चेहरा शांत. म्हणायचो, आज बरी दिसतेस, चौथी राहू दे का? ती म्हणायची, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ एकदाही नको म्हणाली नाही, एकदाही मागितली नाही. मला वाटलं, बघा, चालतंय की तिचं! आतून मला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोलू. किल्ली खिशात आली की माणसाच्या अंगात अधिकारी शिरतो, आणि माझ्यातला अधिकारी निवृत्त होऊन आठ वर्षं रिकामा बसला होता. ती का मागत नव्हती ते मला आता माहीत आहे. या गोळ्या मागणारा माणूस व्यसनी ठरतो, हे तिने दवाखान्याच्या बाकावर बसून नऊ वर्षांत शिकून घेतलं आहे. दुखत असलं तरी मागायचं नाही, आणि सांगायचंच झालं तर बेताने. मी दिवा घालवून बाहेर गेलो की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मला वाटायचं झोपली.

दुसऱ्या कोणी अशी गोळी काढून ठेवली असती तर त्याने ती फेकून दिली असती, मोरीत टाकली असती. मी परत बाटलीत टाकली. आणि तक्त्यावर सही केली चार दिल्याची. म्हणजे कागद खोटा आणि बाटली खरी, असा कारभार. माझ्या मनाने धरलं होतं की मी काही लपवलेलं नाही, माल जागेवर आहे. ‘मापात पाप’ हे दोन शब्द मी आयुष्यात किती दुकानदारांना ऐकवले असतील! तू लहान असताना माझ्याबरोबर बाजारात यायचीस, माझी पितळी वजनं मखमलीच्या पेटीतून चिमट्याने उचलायचा हट्ट धरायचीस. तेव्हा तुला सांगायचो की कमी देणारा तराजू खोटा, तसा जास्त दाखवणाराही खोटाच. पारड्याला खालून बोट लावणारा दुकानदार मी दहा पावलांवरून ओळखायचो. घरात माझंच बोट पारड्याला लागलेलं मला दिसलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

नव्या बाटलीच्या बाविसाव्या दिवशी दवाखान्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने काचेच्या टेबलावर ट्रे ठेवला, गोळ्या ओतल्या आणि चपट्या पट्टीने पाच-पाच ओढायला लागली. तू शिकत असताना घरी डाळीचे दाणे घेऊन अशाच ओढायचीस, त्याची आठवण झाली. महिन्याच्या एकशे वीसांतल्या बत्तीस उरायला हव्या होत्या, निघाल्या एक्कावन्न. तिने पुन्हा मोजल्या. एकोणीस जास्त. ती वाईट बाई नाही, तिने खालच्या आवाजात विचारलं, ‘काकू, तक्त्यावर तर रोजच्या चार आहेत, मग या कुठून आल्या?’ मी बोलायला तोंड उघडलं असेल नसेल, तेवढ्यात आई म्हणाली, ‘मीच वाचवते गं. जिभेखाली धरते, हे गेले की काढून बाटलीत ठेवते, फार दुखेल त्या दिवसासाठी.’ बाटली कुलपात, किल्ली माझ्या खिशात, म्हणजे हे सपशेल खोटं होतं आणि नर्सलाही ते कळलं असणार. पण तिच्या कागदावर दोनच रकाने होते, कमी आणि जास्त. तिने जास्तमध्ये आकडा लिहिला. आमच्या खात्यात प्रत्येक तराजूला थोडी चूक माफ असायची, किलोमागे इतके ग्रॅम, कारण लोखंडसुद्धा झिजतं. यांच्या रकान्यांत तसली सूट नाही.

डॉक्टर अजून तेच आहेत, जाड भिंगांचे. त्यांनी निम्मं औषध लिहिताना वर पाहिलं नाही. त्यांना दर तीन महिन्यांनी आरोग्य विभागाचं पत्र येतं, की तुमच्या गोळ्या इतर डॉक्टरांपेक्षा एवढ्या जास्त आहेत. मेजावर तसल्या पत्रांचा गठ्ठाच होता. म्हणाले, सहा आठवड्यांनी फेरतपासणी आहे, मी काही करू शकलो तर करतो. मी बाहेर आल्यावर पायरीवरच आईला थांबवलं आणि म्हटलं, आत जाऊन खरं सांगतो, चूक माझी आहे. तिने माझा दंड धरला. म्हणाली, ‘तुम्ही खोट्या सह्या केल्यात म्हणून सांगाल, मग किल्ली तुमच्याकडून काढतील. घरात दुसरं कोण आहे? किल्लीला माणूस नाही म्हणजे औषध नाही.’ मग जिना उतरताना, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायला मी आपल्या लेकीकडून शिकले.’

मला लगेच कळलं नाही. आकड्यांतला माणूस मी, मला दोनदा सांगावं लागतं. घरी आल्यावर तिने सहा वर्षांपूर्वीची पडद्याची गोष्ट काढली. नाटकघराचा तो मोठा पडदा, तांबडा, ज्याच्या खालच्या पट्टीत शिशाचे तुकडे भरून शिवायचे होते. शिडीवरून पडून कंबर गेल्यावर तीन वर्षं तिने शिवणाची बारीकसारीक कामंच केली होती. हे शेवटचं मोठं काम, आणि मशिनवर न मावणारं, जमिनीवर बसून हाताने शिवायचं. सात दिवस. त्या सात दिवसांत तिने रोज दोन गोळ्या जास्त घेतल्या, नाहीतर खाली बसताच आलं नसतं. सात दुणे चौदा. हे गणित माझ्या नाकासमोर होतं आणि मला जमलं नाही. मी बाटली मोजली, चौदा कमी भरल्या, उद्या दवाखान्यात न्यायची होती. मी ओट्याजवळ उभा राहून विचारलं की कोणी घेतल्या. आईने ओट्याची कड धरली. तू भांडी घासत होतीस, हाताला फेस, आणि मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालीस, ‘मी घेतल्या.’

मी काय विचारलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. विकल्यास की गिळल्यास, असं मी तुला विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस, कारण ते कलम तुला पाठ होतं. पेशंटने जास्त खाल्ल्या तर औषध बंद, दुसऱ्याने चोरल्या तर चालू. तुझं नाव दवाखान्याच्या कागदावर मी लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात. नोंदवहीत नाव असलेल्या मुलीला औषधांच्या कपाटाजवळ कोणी उभं करत नाही, हे तुला त्या क्षणी माहीत होतं, मला आठ दिवसांनी कळलं, तुझ्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा. आणि तेव्हाही मला वाटलं, बरं झालं! दाराचं कुलूप बदलायला आलेल्या माणसाने विचारलं, ‘चोरी झाली का?’ मी हो म्हणालो. तू तेव्हा आतल्या खोलीत बॅग भरत होतीस. तू ते ऐकलंस की नाही, हे मला सहा वर्षं विचारायचं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरच कोणी नव्हता. एक बाई होती, जिला एक पडदा पुरा करायचा होता.

आईवर रागावू नकोस, असं मी म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. तिने मला सांगितलं की माझी पाठ वळताच तू तिला डोळ्यांनीच गप्प बसवलंस आणि ती बसली, कारण तिला गोळ्या सुटण्याची भीती तुझ्या जाण्यापेक्षा मोठी वाटली, आणि त्याची तिला तेव्हापासून रोज लाज वाटते. दर गुरुवारी सांगायचं ठरवते आणि शेवटी तू जेवलीस का, एवढंच विचारते. मी तिच्यावर रागावायचा प्रयत्न केला. अर्धा दिवस टिकला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तिचं किती जळतं ते मी आत्ता पाहतो आहे, दोन गोळ्यांवर. तो पडदा आम्ही कधी उघडताना पाहिलाच नाही. मी परवा एकटाच नाटकघरात गेलो होतो, रिकाम्या दुपारी. झाडणाऱ्या बाईने आत सोडलं. खालची पट्टी हातात घेऊन पाहिली. टाके इतके सारखे आहेत की मोजायचा मोह झाला. मोजले नाहीत.

आता हे पत्र का लिहितो आहे ते सांगतो. येत्या मंगळवारी, सकाळी अकराला, फेरतपासणी आहे. विभागाचा माणूस येणार, डॉक्टर असणार. आईने दोन पानी जबाब लिहिला आहे, इस्त्रीच्या टेबलावर उभ्याने, तीन दिवस लागले. त्यात चौदा गोळ्यांचं खरं लिहिलंय, खाली सही आहे. तुझं नाव वहीतून निघावं आणि तुला राहिलेलं एक वर्ष पुरं करता यावं, एवढंच तिला हवं आहे. मी डॉक्टरांना आडून विचारलं, की एखाद्या पेशंटने जुनी अशी गोष्ट कबूल केली तर काय होईल? ते म्हणाले, ‘एखाद्या पेशंटने मला ती सांगू नये. सांगितली की मला लिहावी लागते.’ म्हणजे उरलेल्या दोनही जाणार. आईला ते माहीत आहे. तुझा पत्ता तिने मला दिला तो माफी मागायला, हे मात्र तुला आधी कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, कारण कळलं तर तू पुन्हा मधे पडशील. ती शपथ मी मोडतो आहे, आणि का ते खरं सांगितलं पाहिजे. काल हे पत्र सुरू केलं तेव्हा तुला विनवायचं मनात होतं, की तिला अडव, तुझं नाव वहीत आहे तसं राहू दे. ज्या खोट्यासाठी तुला घराबाहेर काढलं, तेच खोटं आणखी काही वर्षं सांभाळ म्हणून तुझ्यापुढे पदर पसरणार होतो. तिचे पाय त्या खोक्यात बघून माझी बुद्धी तिथपर्यंत गेली होती. ते पान फाडलं. पण सहा वर्षांपूर्वी तुझ्या नावाचा निकाल मी तुला न विचारता लावला, आणि मंगळवारी आई तुला न विचारता उलटा लावणार आहे. निदान या वेळी तुला आधी कळावं. माझ्या खोट्या सह्यांचा जबाब मी वेगळा लिहिला आहे, तो मी देणारच, मग किल्ली जावो की राहो. बाकीचं तू तिला सांग किंवा नको सांगूस, तिला अडव किंवा बोलू दे, मी पारड्याला बोट लावणार नाही. पाकिटात एक किल्ली आहे. ती गोळ्यांच्या पेटीची नाही, आपल्या दाराची आहे, मी बदललेल्या कुलपाची, सहा वर्षं खिळ्याला टांगलेली दुसरी किल्ली. आणि फोन करायचा असला तर गुरुवारची वाट पाहू नकोस. मी घरात असताना केलास तरी चालेल.

तुझाच, तुझं माप चुकवलेला,
बाबा